पळीभर तिळाचं तेल

समजा, हे काम तुमच्याकडं आलं आहे. पुढ्यात शंभर कॅप्सूल आहेत. टपोऱ्या भुईमुगाच्या दाण्यासारख्या, मऊ, पिवळसर, उजेडात धरल्या तर आरपार दिसणाऱ्या. टाचणीनं एका टोकाला भोक पाडायचं, दोन बोटांत दाबायचं आणि आतला मधासारखा दाट थेंब वाटीत सोडायचा. पहिल्या दहा मजेत होतात. विसापर्यंत बोटं इतकी चिकट होतात की टाचणी हातात ठरत नाही. पन्नासाव्या कॅप्सूलला मान भरून येते. शंभर संपतात तेव्हा वाटी जेमतेम अर्धी झालेली असते. ती तुम्ही चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यात ओतणार असता, पण लगेच नाही. आधी पातेल्याला बाहेरून हात लावून बघता, कोमट झालं का. कारण कढत तेलात हे औषध मरतं, असं तुम्ही शिकला आहात, आणि गावात ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटेल?

बन्सीधरला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. आता ते आठवलं की तो गल्ल्यावर बसल्या बसल्या उगाच गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला घेतो.

सोनपेठला माणिकरावांच्या औषधाच्या दुकानात गेलात तर तो तुम्हाला दिसेल. तिशी गाठत आलेला, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही. मात्र कुठलीही पट्टी हातात देण्याआधी पुढून-मागून दोनदा वाचतो, अगदी रोज खपणारी डोकेदुखीची गोळी असली तरी. खोळंबलेली माणसं कंटाळतात. "भाऊ, गोळी देताव का पोथी वाचताव?" असं कुणीतरी म्हणतं. तो हसतो आणि तिसऱ्यांदा वाचतो. ही सवय त्याला जन्मापासूनची नाही. ती कुठून लागली, तेच इथं सांगायचं आहे.

बन्सीधरचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून माणसं कोल्हापूरकडं निघत आणि चैत्र-वैशाखात परत येत. ते सहा महिने बन्सीधर मावशीकडं राही. मावशीचं नाव दगडाबाई. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. आठवडी बाजारात पोतं अंथरून ती बिबे, राळ, सुया, मण्यांच्या पोती असलं काहीबाही विकायची. पण सोनपेठच्या आसपासच्या दहा-बारा गावांत तिला ओळखत ते मलमासाठी.

उसाचं पातं हाताला कापतं. पाणी दिलेल्या फडात उभं राहून पायांना भेगा पडतात, थंडीत त्या उलतात. त्यावर दगडाबाईचं मलम. घाण्यावरून ताजं काढून आणलेलं करडईचं तेल, पोळ्याचं मेण, चिमूटभर राळ. दसरा झाला की ती चूल पेटवायची, आणि तोडीला जाणाऱ्या बाया आपापली डबी घेऊन तिच्या पोत्याभोवती बसायच्या. कुणाची रिकामी झालेली कुंकवाची, कुणाच्या सासऱ्याची तपकिरीची. सहा महिने परमुलखात हातापायाला लावायचं ते एवढंच.

त्या मलमात दगडाबाई आणखी एक गोष्ट घालायची. संक्रांतीला भाजलेल्या तिळातली दोन मापटी ती बाजूला काढी, घाण्यावर नेई आणि निघालेलं तेल एका काळ्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, उतरंडीमागं ठेवी. दसऱ्यानंतर मलम उतरवलं की त्यात त्या बाटलीतलं एक पळी तेल. ही रीत तिला तिच्या आईनं सांगितलेली. का घालायचं असं विचारलं की ती म्हणे, "करडई एकटी वाटंला लावू न्हाई. लेकीबाळी जात्यात, संग घरचं कायतरी असावं."

बन्सीधर लहानपणी हे ऐकून मान डोलवायचा. औरंगाबादला डी. फार्मसी करून आल्यावर तो डोलवेनासा झाला.

घरात तो पहिला शिकलेला. पहिल्यांदा कॉलेजला निघाला तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसट्या उभ्या होत्या, तर दोन दिवस परळीच्या स्टँडवर ट्रंकेवर बसून काढले होते त्यानं. एवढ्या खटपटीनं मिळवलेलं ज्ञान कुठंतरी लागू पडावं, असं त्याला फार वाटे. ई जीवनसत्त्वावर परीक्षेत प्रश्न आला होता आणि त्यानं दीड पान लिहिलं होतं. तेलाला हवा लागली की ते खवट होतं. ई जीवनसत्त्व ते होऊ देत नाही. असा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. शहरातल्या दुकानांत त्यानं चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या बाटल्या पाहिल्या होत्या, त्यांवर हेच नाव सोनेरी अक्षरांत असायचं. आणि इथं त्याची मावशी काळ्या बाटलीतून तिळाचं तेल घालत होती, सोबत म्हणून.

अठ्ठ्याऐंशी सालच्या आश्विनात त्यानं ठरवलं की यंदाचं मलम शास्त्रानं करायचं.

"मावशे, ती बाटली ठेव बाजूला," तो म्हणाला.

"कामून रं?"

"यंदा तिळाचं तेल नाही घालायचं."

"मग करडई एकटीच धाडायची व्हय?"

"एकटी नाही. हे आहे की सोबतीला." त्यानं कॅप्सूल पिळलेली वाटी पुढं केली.

दगडाबाईनं करंगळी बुडवली, हुंगली. "ह्याला तर कसलाच वास न्हाई."

"तेच तर चांगलं! तुझ्या तिळानं मलम काळपट पडतं, वास मारतं. हे बघ कसं लोण्यासारखं होईल. वर्षभर खवट होणार नाही. वर कातडीलाही चांगलं."

"अन् म्हन्तेत काय ह्येला?"

"व्हिटॅमिन ई."

"ई?"

"ई."

"निस्तं ई?" दगडाबाई तोंडाला पदर लावून हसली. "अरं माझ्या राजा, दोन वर्षं औरंगाबादेत ऱ्हाऊन एकच अक्षर आनलंस?"

बन्सीधरही हसला. पण बाटली त्यानं स्वतःच्या हातानं परत उतरंडीमागं नेऊन ठेवली. दगडाबाई तिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेला हाईस. तुला कळत असंल." आणि डाव घेऊन मलम ढवळू लागली.

यंदा कुंकवाच्या डब्या नव्हत्या. बन्सीधरनं परभणीहून दीडशे पत्र्याच्या डब्या आणल्या होत्या आणि छापखान्यातून कागदाच्या गोल चकत्या. त्यांवर लाल अक्षरांत होतं: 'दगडाबाईचं मलम. व्हिटॅमिन ई युक्त. वर्षभर टिकते.' दगडाबाईला वाचता येत नव्हतं. त्यानं वाचून दाखवलं.

"मपलं नाव कामून टाकलंस? तुपलं टाकायचं."

"माझ्या नावावर कोण घेईल, मावशे?"

हे तो चेष्टेनं बोलला होता. पण ते खरं होतं, आणि खरं असल्याचं त्याला माहीत होतं.

बाजारच्या दिवशी बाया जमल्या. त्यांच्यात केशरबाई होती. पस्तिशीतली, दणकट, तोंडानं फटकळ. वीस वर्षं ती तोडीला जात होती आणि टोळीतल्या बाया तिच्या मागं चालत. तिनं नवी डबी उलटीपालटी करून बघितली.

"ही कुणाची डबी म्हनायची, मावशे? मला मपल्या डबीत दे."

"नव्या डबीत हवा जात नाही," बन्सीधर पुढं झाला. "ह्यात व्हिटॅमिन आहे. शहरातल्या बाया तोंडाला लावतात ते."

"मग तर आमी गोऱ्याच व्हताव आता फडात!" केशरबाई म्हणाली. बाया हसल्या. तिनं झाकण काढून हुंगलं आणि तिचं हसू जरा कमी झालं. "वास येगळा लागायलाय."

दगडाबाई म्हणाली, "यंदा आमच्या बन्सीनं..."

"मावशीच्याच हातचं आहे," बन्सीधर घाईनं मध्ये बोलला. "डबी तेवढी नवी."

दगडाबाईनं खाली बघून पुढची डबी उचलली. केशरबाईनं एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. "मावशीच्या हातचं म्हन्ता तर घेते," ती म्हणाली आणि चार डब्या ओट्यात टाकल्या. दुपारपर्यंत सगळ्या डब्या उठल्या. सहा बन्सीधरनं, तो कामाला लागला होता त्या माणिकरावांच्या दुकानातल्या फळीवर मांडायला ठेवल्या होत्या, तेवढ्या उरल्या.

माघ महिन्यात एकदा फळी पुसताना त्यानं त्यातली एक उघडली. उगाचच. आपलंच काम बघायला माणसाला आवडतं. झाकण निघालं आणि नाकात वास शिरला. पावसाळ्यात कोपऱ्यात विसरलेला तळलेल्या पापडांचा डबा उघडल्यावर येतो तसा. त्यानं दुसरी उघडली. तिसरी उघडली. सहाही तशाच. त्यानं सगळी झाकणं परत लावली, अगदी घट्ट, आणि डब्या फळीवरून काढून एका खोक्याच्या तळाशी ठेवल्या.

त्याच आठवड्यात टोळीचा मुकादम सिताराम दुकानात आला. पोरीची सोयरीक जमत होती म्हणून तो चार दिवस गावाकडं आलेला.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "टोळीला काई निरोप? बाया तुमच्या मलमाचं कायतरी बोलत व्हत्या."

"काय बोलत होत्या?"

"बायांचं बोलनं. म्या ध्यान न्हाई देलं."

बन्सीधरच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते मलम लावू नका, फेकून द्या. एवढंच बोलायचं होतं. पण शेजारी माणिकराव उभे होते. दसऱ्यापासून ते येईल त्याला सांगत होते की आमच्या पोरानं व्हिटॅमिनचं मलम काढलंय, बघा एक दिवस कारखाना टाकतो का नाही.

"निरोप काही नाही," बन्सीधर म्हणाला. "खुशाल आहे म्हणा."

सिताराम गेला. त्यानंतर अडीच महिने बन्सीधरला रोज ते खोकं दिसत होतं आणि रोज तो त्याच्यावर दुसरं काहीतरी ठेवत होता.

चैत्रात टोळ्या परतल्या. पुढच्या बाजारला दगडाबाई नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसली होती. बन्सीधर दुकानातून तिच्यासाठी गुडघ्याची गोळी घेऊन आला होता. तेवढ्यात केशरबाई आली आणि मागं सात-आठ बाया. तिनं डबी पोत्यावर आपटली. झाकण उडून बिब्यांत पडलं.

"हुंग, मावशे."

दगडाबाईनं हुंगलं.

"हे बग." केशरबाईनं दोन्ही पंजे तिच्या तोंडापुढं धरले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सोलली होती. "लावलं की आग. लावलं की खाज. आदी वाटलं पातं लागलं आसंल, म्हनून आनिक लावलं. आठ दिस कोयता धरवला न्हाई मला. निस्त्या मोळ्या वाहिल्या डोक्यावर." तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "अन् भाकरी थापली का भाकरीला वास. लेकरू म्हनायलं, माय, तुह्या हाताचा वास येतो, मी न्हाई जेवत. वीस वर्षं नेते मी तुपलं मलम. लेकरानं कदी असं म्हन्लं न्हवतं."

बाजार चालू होता, पण तेवढ्या जागेपुरता थांबला होता. शेजारचा लसूणवाला तागडी धरून बघत राहिला होता.

दगडाबाईनं बन्सीधरकडं बघितलं. फार वेळ नाही. ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण बघतो तेवढंच. मग ती केशरबाईकडं वळली.

"मपल्याच हातून चुकलं, बाई. करडई एकटी धाडली."

"म्हंजी?"

"चुकलं म्हन्ले ना."

बन्सीधर तीन हातांवर उभा होता. हातात गोळीची पुडी. केशरबाईनं अचानक त्याच्याकडं तोंड केलं. "तुमी सांगा, भाऊ. तुमी शिकलेले. कशानं झालं आसंल हे?"

तो बोलू शकला असता. एवढं सरळ कुणी त्याला नंतर कधीच विचारलं नाही. पण तो म्हणाला, "तेलाचं काही सांगता येत नाही. घाण्यावरच जुनं बी आलं असेल."

स्वतःचाच आवाज त्याला गिऱ्हाइकाशी बोलतानाचा वाटला. केशरबाईनं हं म्हटलं आणि पोत्याशी वाकून आपल्या डबीचं झाकण शोधायला लागली. दगडाबाईनं ते बिब्यांतून काढून तिला दिलं. मग बाया एकेक करून डब्या ठेवत गेल्या. दगडाबाईनं त्या सगळ्या पोत्यात भरल्या, डोक्यावर घेतल्या आणि घरामागच्या उकिरड्यात खड्डा करून पुरल्या. बन्सीधर मदतीला गेला तर म्हणाली, "दुकानात जाय. मानिकराव वाट बगत आसतेल." रागानं नाही. त्याला वाटलं, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती बाजारात बसायची, पण कुणी मलमाचं विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. एरवी बाया तिच्यापाशी मलम नसलं तरी टेकायच्या, पान खायच्या, सासवांची गाऱ्हाणी सांगायच्या. आता उभ्या उभ्या सुई घेऊन पुढं जायच्या.

बन्सीधरला कळत नव्हतं ते एवढंच: चूक कुठं झाली? तेल ताजं होतं, घाण्यावर तो स्वतः उभा होता. कॅप्सूल मुदतीतल्या होत्या. तेल कोमट होतं. शेवटी वैशाखात सुट्टी काढून तो परभणीला कृषी विद्यापीठात गेला. तिथं तेलांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत सुमनबाई म्हणून सहायक होत्या, मूळच्या जवळच्याच झरी गावच्या. प्रयोगशाळेच्या सरांना वेळ नव्हता, त्यांना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला.

"पट्टी आणलीय का कॅप्सूलची?"

त्यानं खिशातून काढली.

"वाचा. मागच्या बाजूचं. बारीक."

रोज विकायची पट्टी ती. त्यानं वाचलं, "टोकोफेरिल ॲसिटेट."

"शेवटचा शब्द परत वाचा."

"ॲसिटेट."

"म्हणजे कुलूप लावलेलं," सुमनबाई म्हणाल्या. "कॅप्सूल टिकावी म्हणून लावतात. पोटात गेलं की शरीर कुलूप काढतं. कातडीवरही थोडंफार निघतं, सावकाश. डबीत कोण काढणार? तुमचं ई तिथं नुसतं बसून राहिलं असेल. तेल त्याच्या शेजारी खवट झालं."

बन्सीधरनं वहीत 'कुलूप' असं लिहिलं.

"बिनकुलपाचं मिळतं वेगळं, मुंबईकडं. अगदी थोडं लागतं. त्याचं काम म्हणजे असं, की तेलाच्या आधी ते स्वतः हवेच्या तोंडी जातं. स्वतः खराब होतं, तेलाला होऊ देत नाही. ते संपलं की मग तेलाची पाळी. लिहा की."

पण त्याचं पेन थांबलं होतं; त्याला बाजारातली मावशी आठवली होती. ते वाक्य आजही त्याच्या वहीत नाही.

"आधी कसं टिकत होतं तुमचं मलम?" सुमनबाईंनी विचारलं.

"मावशी तिळाचं तेल घालायची. भाजलेल्या तिळाचं. एक पळी."

"मग काढलंत कशाला? तिळातही तेलाला राखणारं असतं. भाजल्यावर तर जास्त. एका पळीनं किती फरक पडतो ते मोजून बघावं लागेल, पण काढलंत कशाला?"

"रंग काळपट यायचा," बन्सीधर म्हणाला.

सुमनबाई हसल्या नाहीत.

परत आल्यावर त्यानं माणिकरावांच्या माळवदावर चार वाट्या मांडल्या. एकीत नुसती करडई, एकीत करडई आणि कॅप्सूल, एकीत तिळाचं तेल घातलेली आणि एकीत मुंबईहून मागवलेलं बिनकुलपाचं ई. तो उन्हाळा नि पुढचा पावसाळा त्यानं दर आठ दिवसांनी त्या हुंगण्यात काढला. कॅप्सूलची वाटी नुसत्या करडईच्याच आठवड्यात खवट झाली. तिळाची महिनाभर जास्त राहिली. चौथी त्याहूनही टिकली. म्हणजे परीक्षेत त्यानं लिहिलेलं दीड पान बरोबर होतं. चुकला होता तो फक्त पट्टी वाचायला. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. माळवदावर वाटी हातात धरून उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की त्याला टोचत होतं ते हे नव्हतंच. पट्टी वाचायची राहिली, ती चूक होती. बाजारात बोलायचं राहिलं, ते चूक नव्हतं. ते त्यानं केलं होतं.

पुढच्या दसऱ्यानंतर त्यानं नवं मलम केलं. चौथ्या वाटीतलं ई घातलं, आणि उतरंडीमागची बाटली काढून मावशीला म्हणाला, "पळी तू घाल." तिनं घातली.  डब्यांवर या वेळी कुणाचंच नाव नव्हतं.

बाजारात तो एकटाच गेला. केशरबाई आणि टोळीतल्या बाया ट्रकची वाट बघत गाठोड्यांवर बसल्या होत्या.  पाठ करून आणलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "मागच्या वर्षीचं मलम मी बिघडवलं. मावशीनं नाही. तिळाचं तेल मीच घालू दिलं नाही. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. केशरबाई तंबाखू मळत होती, ती मळतच राहिली.

"आमाला ठाऊक व्हतं, भाऊ."

"काय ठाऊक होतं?"

"दगडामावशीचं मलम अन् तिळाचा वास न्हाई? डबी उघडली तवाच वळखलं म्या. तुमी म्हन्ले मावशीच्या हातचं, म्हनून इस्वास ठिवला."

"मग त्या दिवशी बाजारात मावशीला कशाला बोललात?"

"म्या तर तुमालाच इचारलं व्हतं की."

ती हे सहज बोलली, तंबाखूवर थाप मारत. मग डबी घेतली, उघडली, बराच वेळ हुंगली आणि ओट्यात टाकली. "लावून बगते," म्हणाली. इतकंच. बाकीच्या बायांतल्या निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही.

तो तिथून तडक मावशीकडं आला. दगडाबाई दारात तीळ पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही.

"मावशे, आज सगळ्यांना सांगितलं. चूक माझी होती म्हणून."

"बरं केलंस."

"त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं मी."

सूप दोन वेळा वर-खाली झालं. दगडाबाईनं विचारलं, "बोटं बरी हायेत का आता?"

"कुणाची?"

"केशरची. दुसऱ्या कुनाची?"

 बन्सीधरनं केशरबाईच्या हाताकडं बघितलं नव्हतं. ती त्याच्यापुढं तंबाखू मळत होती, हात समोर होते, आणि तो आपली चूक सांगण्यात गुंतला होता. तो बाजाराकडं धावला. ट्रक निघून गेला होता. तिची बोटं त्याला दिसली ती पुढच्या चैत्रात. बरी होती. करंगळीजवळ एक पांढरट डाग मात्र राहिला होता, तो अजून आहे.

नवं मलम केलं त्या वर्षापासून चार वर्षं दरसाल त्यांनी ते केलं. बन्सीधर मोजून ई घालायचा आणि दगडाबाई पळी ओतायची. हळूहळू बाया परत टेकायला लागल्या, सासवांची गाऱ्हाणी परत सुरू झाली. एवढ्या दिवसांत बन्सीधरला मावशीला एक गोष्ट विचारायची होती. दर दसऱ्याला तो ठरवी आणि दर दसऱ्याला म्हणे, पातेलं उतरू दे, मग विचारू. गेल्या श्रावणात दगडाबाई गेली. चार दिवस ताप आला, तेवढंच. औषधाच्या पट्ट्या तो पुन्हा पुन्हा वाचत बसला होता तिच्या उशाशी.

मग ही, चौऱ्याण्णवची, संक्रांत आली. मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या दिवशीची. स्टँडवर पोलीस होते, हॉटेलातल्या रेडिओभोवती माणसं दाटली होती, कुणी खुशीत, कुणी गप्प. बन्सीधर भाजलेल्या तिळाची पिशवी घेऊन त्यांच्यामधून वाट काढत घाण्यावर गेला. तेलाची धार काळ्या बाटलीत पडताना बघत तो उभा राहिला. वास आला आणि त्याला बाजारातलं मावशीचं ते बघणं आठवलं, ओळखीच्या माणसाकडं बघावं तेवढंच, आणि त्यामागून आलेलं तिचं वाक्य. त्याला वाचवायला ती तसं बोलली असेल, तर ती मेहेरबानी त्यानं मुकाट्यानं घेतली होती. आणि मनापासून बोलली असेल, तर त्याची चूक ती आपली समजून शेवटपर्यंत वागवत राहिली होती, आणि बाजारात दहा बायांना जे सांगितलं ते तिला नीट समजावून सांगायला त्याला चार वर्षांत सवड झाली नव्हती. दोन्हींतलं कुठलं कमी वाईट, हेही त्याला ठरवता येत नाही.

त्यानं बाटलीला बूच घट्ट लावलं. 'करडई एकटी धाडली' असं मावशी म्हणाली, ते बन्सीधरची लाज झाकायला, की खरोखर स्वतःचाच हात चुकला असं वाटून?